खंदकातील धर्मगुरू ‘वूडबाइन विली’

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिक ज्यांना प्रेमाने ‘वूडबाइन विली’ म्हणत, त्या जेफ्री स्टडर्ट केनेडी यांचा जन्म २७ जून १८८३ रोजी इंग्लंडमधील लीड्स येथे झाला. वडील अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू होते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधून १९०४ मध्ये पदवी घेतल्यानंतर जेफ्री यांनीही तोच मार्ग स्वीकारला. १९१४ मध्ये वूस्टर शहराच्या गरीब वस्तीतील सेंट पॉल चर्चची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

१९१५ च्या अखेरीस ते लष्करी धर्मगुरू म्हणून फ्रान्समध्ये दाखल झाले. आघाडीकडे निघालेल्या जवानांना ते ‘नव्या करारा’च्या प्रती आणि वूडबाइन सिगारेटी वाटत. त्यावरूनच हे टोपणनाव रूढ झाले. दम्याचा विकार असूनही १९१७ मध्ये बेल्जियममधील मेसिनच्या लढाईत तोफांच्या भडिमारात ते जखमींच्या मदतीस धावले. या शौर्याबद्दल त्यांना ‘मिलिटरी क्रॉस’ मिळाला.

आरंभी त्यांना हे युद्ध न्याय्य वाटत होते. संगिनीच्या प्रशिक्षणार्थींपुढे स्फूर्तिदायक भाषणे देण्याचे कामही त्यांनी केले. मात्र खंदकांतील मृत्यूंनी त्यांच्या श्रद्धेपुढे बिकट प्रश्न उभा केला. सर्वशक्तिमान ईश्वर सिंहासनावरून हा संहार निर्विकारपणे पाहत असेल, तर त्याची उपासना का करावी? ‘द हार्डेस्ट पार्ट’ (१९१८) या ग्रंथात त्यांनी उत्तर शोधले. ईश्वर दुःखापासून अलिप्त नसून माणसासोबत तेही भोगतो, असे त्यांनी मांडले. सनातनी वर्तुळांना हा विचार पचणे कठीण होते. त्याच वर्षी सैनिकांच्या रांगड्या बोलीतील त्यांचा कवितासंग्रहही प्रसिद्ध झाला.

युद्धानंतर ते शांततावादाकडे वळले. १९२२ मध्ये लंडनच्या लोंबार्ड स्ट्रीटवरील चर्चमध्ये त्यांची नियुक्ती झाली. पण ‘इंडस्ट्रियल ख्रिश्चन फेलोशिप’साठी देशभर फिरून कामगारांसमोर बोलणे हेच त्यांचे मुख्य कार्य ठरले. अशाच एका दौऱ्यात ८ मार्च १९२९ रोजी लिव्हरपूल येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे ४५ वर्षांचे होते. समाजवादी असल्याचे कारण देऊन वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांच्या दफनास नकार देण्यात आला, असे सांगितले जाते. वूस्टरमध्ये मात्र अंत्ययात्रेला सामान्यांची अलोट गर्दी लोटली.

दुःख भोगणाऱ्या ईश्वराची त्यांची कल्पना पुढे जर्मन धर्मचिंतक युर्गेन मोल्टमन यांनीही विचारात घेतली. संगिनीची भलामण करणाऱ्या धर्मगुरूने आपलीच भूमिका तपासून पाहिली, यातच या लेखनाचे मोल आहे.