हंटरवाली नादिया

सिन्नरच्या ज्या गल्लीत मी वाढलो तिथे हंटरवाली ही शिवी होती. फार जहाल नव्हे, पण शिवीच. सासूला उलट उत्तर देणारी सून हंटरवाली, नळावर आपला नंबर न सोडणारी बाई हंटरवाली, आणि माझी आजी तर बारमाही हंटरवाली.

आजी विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने. दिवसभर वळायचे आणि संध्याकाळी माल मोजून द्यायला कारखान्यात जायचे. तिथला तपासणारा मनाला येईल तेवढ्या विड्या छाट म्हणून काढी. छाटाची मजुरी मिळायची नाही. एकदा आजीने छाट काढलेली अख्खी जुडी त्याच्यापुढे सोडली, एकेक विडी उलगडली आणि कुठल्या विडीत काय खोट आहे ते सगळ्या बायांदेखत विचारले. त्या दिवसापासून हे नाव तिला चिकटले. गंमत म्हणजे आजीला त्याचा राग कधीच आला नाही. नावे ठेवणाऱ्यांनी हंटरवाली पाहिली नव्हती, आजीने पाहिली होती. लहान असताना भैरवनाथाच्या यात्रेत तंबूतला सिनेमा आला होता. चित्रपटाचे नाव तिला आठवत नसे. आठवे ती सोनेरी केसांची गोरी दांडगी बाई. घोड्यावर बसून आली, एका गुंडाला तिने डोक्यावर उचलले आणि दुसऱ्या गुंडांवर फेकले. सारा तंबू हसून लोळला, असे आजी सांगे.

हे आठवायचे कारण माझी भाची. नाशिकहून सिन्नरला येताना एसटीत तिच्या हातात एक इंग्रजी कादंबरी होती आणि मोहदरी घाट संपेपर्यंत तिचे खुदुखुदु हसणे थांबले नाही. अमेरिकेतल्या जॅनेट इव्हानोविच या लेखिकेने 1994 मध्ये सुरू केलेल्या मालिकेतली ती कादंबरी. नायिका स्टेफनी प्लम. नोकरी गेलेली, खिशात पैसे नाहीत, म्हणून ती चुलतभावाच्या धंद्यात शिरते. तिकडे आरोपींचे जामीन पैसे घेऊन भरणारे धंदेवाईक असतात. जामिनावर सुटलेला आरोपी तारखेला उगवला नाही की त्यांची रक्कम बुडते. अशा फरारींना धरून आणायचे आणि त्याबद्दल ठरलेला हिस्सा घ्यायचा, हे स्टेफनीचे काम. ती धडपडते, फजीत होते आणि तरीही माणूस पकडून आणते. असले काही आपल्याकडे का नाही, असे भाचीने मला विचारले. आपल्याकडे ते 1935 मध्येच होते, हे सांगायला मी तोंड उघडले आणि लक्षात आले की तिच्या पिढीला नादिया हे नावसुद्धा माहीत नाही.

नादियाचे खरे नाव मेरी अ‍ॅन इव्हान्स. जन्म 8 जानेवारी 1908, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. वडील ब्रिटिश सैन्यात, आई ग्रीक. वडिलांच्या पलटणीबरोबर पाच वर्षांची मेरी मुंबईला आली. 1915 मध्ये पहिल्या महायुद्धात वडील मारले गेले आणि मायलेकी पेशावरला गेल्या. तिथे ही पोर घोड्यावर बसायला, बंदूक चालवायला, शिकार करायला शिकली. पुढे पडद्यावर जे दिसले त्याचे निम्मे शिक्षण तिथले.

1928 मध्ये ती आई आणि लहान मुलासह पुन्हा मुंबईला आली. मुलाच्या बापाविषयी ती फारसे बोलली नाही, आपणही उकरायला नको. पोटासाठी तिने आर्मी अँड नेव्ही स्टोअर्समध्ये विक्रेतीची नोकरी धरली. (स्टेफनी प्लमही दुकानाच्या खरेदीखात्यातूनच या धंद्यात आलेली. योगायोग, दुसरे काय!) अधिक पगारासाठी लघुलेखन आणि टंकलेखन शिकावे असेही तिच्या मनात होते. त्याच सुमारास ती मादाम अ‍ॅस्ट्रोव्हा या रशियन बाईंकडे नृत्य शिकू लागली आणि त्यांच्या जथ्याबरोबर छावण्या, संस्थाने, धुळीने भरलेली लहान गावे फिरली. एका आर्मेनियन ज्योतिषाने न या अक्षराने सुरू होणारे नाव घे म्हणून सांगितले. तिने नादिया घेतले. 1930 मध्ये झार्को सर्कशीतही तिने काम केले.

वाडिया बंधूंशी तिची गाठ पडली ती इतका प्रवास झाल्यावर. थोरले जमशेद ऊर्फ जेबीएच हे शिकलेले, कायदा वाचलेले आणि डग्लस फेअरबँक्सच्या साहसपटांचे भक्त. धाकटे होमी दिग्दर्शक. जहाजे बांधणाऱ्या प्रसिद्ध वाडिया घराण्यातले हे दोघे भाऊ सिनेमात पडले, तेही मारामारीच्या सिनेमात, हे घरात कुणाला रुचले असेल असे वाटत नाही. त्यांनी 1933 मध्ये वाडिया मूव्हीटोन काढली. जेबीएचनी नादियाला नाव बदलून नंदादेवी करावे आणि काळ्या वेणीचा टोप घालावा असे सुचवले. तिने दोन्हीला नकार दिला. आधी किरकोळ भूमिका, मग 1935 मध्ये 'हंटरवाली'.

इथे जरा मागे जाऊ. 1913 मध्ये आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामती व्हायला एकही बाई मिळाली नव्हती. साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवावे लागले. त्यानंतर अवघ्या बावीस वर्षांनी एक बाई तोकडी विजार आणि उंच बूट घालून, तोंडावर मुखवटा चढवून, चाबूक फडकावीत पडद्यावर आली. गोष्ट साधीच. राजाला प्रधान कैद करतो आणि राजकन्या माधुरी वेष पालटून जुलमी लोकांच्या मागे लागते. बक्षिसाची लालूच नाही, सरकारी परवाना नाही. सत्ता प्रधानाच्या हाती, म्हणजे कायद्याच्या नजरेत गुन्हेगार तीच. चित्रपटाला त्या काळी ऐंशी हजार रुपये लागले. अशी बाई कोण बघणार म्हणून वितरक हात लावीनात. अखेर निर्मात्यांनी स्वतःच तो मुंबईत लावला आणि तो पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. बाजारात नादियाच्या नावाचे चाबूक आणि पट्टे विकायला आले. त्याचे पैसे कंपनीला मिळाले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

माझ्या मते तिचा खरा चित्रपट 1936 चा 'मिस फ्रंटियर मेल'. राजे-प्रधान गेले, आगगाडी आली. नायिका सविता ही स्टेशनमास्तरची मुलगी. बापावर खुनाचा खोटा आळ आला आहे आणि रेल्वेत घातपात करणाऱ्या टोळीचा म्होरक्या मुखवट्याआड लपलेला आहे. सविता त्याचा माग काढते, आणि धावत्या गाडीच्या टपावर एकेका गुंडाला झोडते. ती मारामारी खोटी वाटत नाही, कारण उड्या नादिया स्वतः मारायची. पुढे सिंहांच्या पिंजऱ्यातही ती गेली. पण तिच्या चित्रपटांचा जीव होता गमतीत. पंजाब का बेटा नावाचा घोडा, रोल्स रॉइस की बेटी नावाची जुनाट मोटार आणि गनबोट नावाचा कुत्रा हे तिचे साथीदार. हिंदी उच्चार अखेरपर्यंत परके राहिले. प्रेक्षकांनी तेही गोड मानून घेतले. मारताना ती हसायची, आणि मार खाणारा असा काही चेहरा करायचा की भीती उरायचीच नाही.

इंग्रजांच्या राज्यात सोनेरी केसांची गोरी बाई हिंदी रयतेच्या बाजूने लढते आणि टांगेवाले, गिरणी कामगार तिला आपली म्हणतात, याचे नवल वाटते. जेबीएच राष्ट्रीय चळवळीकडे ओढलेले, नंतर मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी. जुलमाविरुद्धची, बाईच्या हक्कांची वाक्ये ते संवादांत पेरीत. प्रतिष्ठित वर्तमानपत्रे मात्र या चित्रपटांकडे नाक मुरडीत. गिरीश कार्नाडांनी आपल्या बालपणातल्या नादियावर प्रेमाने लिहिले तेव्हा चार शिकलेल्या लोकांनाही ती आवडल्याचे कबूल करावेसे वाटले.

1942 मध्ये भाऊ वेगळे झाले. परळचा त्यांचा स्टुडिओ व्ही. शांतारामांकडे गेला आणि त्याचे राजकमल झाले. होमींनी बसंत पिक्चर्स काढली आणि 1943 मध्ये 'हंटरवाली की बेटी'त नादियालाच उभे केले. तोवर दोघांचे एकमेकांवर प्रेम होते हे सगळ्यांना ठाऊक होते. पण होमींच्या घरून, विशेषतः आईकडून, विरोध होता. पडद्यावर दरोडेखोरांची फळी उडवणारी ही बाई त्या विरोधापुढे चाबूक न उगारता थांबून राहिली. लग्न झाले 1961 मध्ये, ती त्रेपन्न वर्षांची असताना. मला तिच्या आयुष्यातला हा भाग कुठल्याही उडीपेक्षा अवघड वाटतो. आगगाडीच्या टपावरची उडी एका क्षणात संपते.

1968 मध्ये, साठाव्या वर्षी, ती हेरपटांची टर उडवणाऱ्या 'खिलाडी'त शेवटची दिसली. त्यानंतर जग तिला विसरले. 1993 मध्ये वाडिया घराण्यातल्याच रियाद विन्सी वाडिया या तरुणाने तिच्यावर माहितीपट केला आणि परदेशी महोत्सवांत ती म्हातारी पुन्हा टाळ्या घेऊन गेली. 9 जानेवारी 1996 ला, अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, ती मुंबईत वारली.

तेव्हा आजी होती. विड्या सुटल्या होत्या, बोटांची सवय सुटली नव्हती. बसल्या जागी ती पदराचे टोक वळत राही. वर्तमानपत्रातली बातमी मी तिला मोठ्याने वाचून दाखवली. हंटरवालीला नादिया नावही होते, हे तिला त्या दिवशी कळले. परदेशातला जन्म, एवढ्या उशिरा झालेले लग्न, सगळे तिने मान हलवीत ऐकून घेतले. मग त्या घोड्याचे पुढे काय झाले, एवढेच विचारले.