ख्रिस्तपुराणकर्ते फादर थॉमस स्टीफन्स

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं देवळाच्या भिंती, घंटा आणि वेदी यांची आठवण सर्वांना सहजच होते. परंतु ज्या शब्दांनीं आपल्या पूर्वजांच्या घरांत श्रद्धा रुजली, ते शब्द घडविणाऱ्यांची आठवण क्वचितच निघते. म्हणून या स्मरणिकेंत फादर थॉमस स्टीफन्स यांचें अल्पचरित्र वाचकांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटलें. त्यांनीं ज्या गोव्यांत आपलें आयुष्य वेंचलें, तें खारेपाटणाहून दक्षिणेस फार दूर नाहीं. आणि आपल्या किनाऱ्यावरील अनेक कॅथलिक घराण्यांचें मूळही त्याच मातींत आहे.

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत, बुश्टन या गांवीं, १५४९ च्या सुमारास एका व्यापाऱ्याच्या घरीं झाला. त्या काळीं इंग्लंडांत कॅथलिक धर्म उघडपणें पाळणें मोठ्या धोक्याचें होतें. थॉमस पाउंड नांवाच्या एका सद्गृहस्थाशीं त्यांचा स्नेह जडला व उभयतांनीं रोमला जाऊन येशूसंघांत प्रवेश करण्याचा निश्चय केला. परंतु पाउंड पकडले जाऊन तुरुंगांत पडले आणि स्टीफन्स एकटेच रोमला पोहोंचले. १५७५ सालीं त्यांस संघांत प्रवेश मिळाला.

४ एप्रिल १५७९ रोजीं त्यांनीं लिस्बन बंदर सोडलें व २४ ऑक्टोबर रोजीं ते गोव्यास उतरले. या सहा महिन्यांच्या प्रवासाची हकीकत त्यांनीं आपल्या वडिलांस पत्रानें कळविली. वाऱ्याचे व प्रवाहांचे खेळ, गलबताभोंवतीं घिरट्या घालणारे मोठाले मासे, पाण्याबाहेर झेंप घेणारे उडते मासे असें सारें त्यांत आलें आहे. हें पत्र पुढें हॅक्लूट यांच्या प्रसिद्ध प्रवाससंग्रहांत छापलें गेलें. नवलाची वस्तु पाहून थांबणारी त्यांची दृष्टि गोव्यास आल्यावर येथील भाषांकडे वळली. १५८३ सालीं आपल्या भावास लिहितांना, येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे, असें त्यांनीं नमूद केलें. पाश्चात्य पंडितांनीं या साम्याची शास्त्रीय चर्चा सुरू केली ती यानंतर जवळजवळ दोनशें वर्षांनीं.

गोव्यांत धर्मगुरुपदाची दीक्षा घेतल्यावर त्यांचें बहुतेक आयुष्य साष्टी महालांत गेलें. तेथील येशूसंघीय महाविद्यालयाचे ते कांहीं काळ रेक्टरही होते. साष्टीचा तो काळ सुखाचा नव्हता. १५६७ सालीं तेथील शेंकडों देवळें पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं पाडलीं होतीं. जुन्या पोथ्या बाळगण्यास मनाई झाली होती. ज्यांनीं नवा धर्म स्वीकारला होता, त्यांच्या घरांतून रात्रीं ऐकावयाच्या कथाच नाहींशा झाल्या. राक्षस, नाग, गरुड, समुद्रमंथन, ऋषींचे शाप आणि वर यांनीं भरलेल्या कथांवर पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या मनास केवळ प्रश्नोत्तरांची धर्मशिकवण कशी पुरणार? सत्तेनें जी पोकळी निर्माण केली, ती सत्तेनें भरून निघणारी नव्हती, हें आम्हांस आज स्पष्टपणें म्हटलें पाहिजे.

फादर स्टीफन्स यांचें मोठेपण असें, कीं त्यांनीं ही भूक ओळखली. त्यांच्या काव्याच्या आरंभीं एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीबाबांपुढें हेंच गाऱ्हाणें मांडतो. जुनीं पुराणें वाचावयाचीं नाहींत, तर आमच्यासाठीं दुसरें पुराण कां नसावें, असा त्याचा भाव आहे. जुन्या पुराणांवरील बंदी चुकीची होती, असें स्टीफन्स यांनीं म्हटलें नाहीं. या बाबतींत ते आपल्या काळाचेच होते. परंतु त्या प्रश्नास त्यांनीं दिलेलें उत्तर काळाच्या पुढें गेलें. तें उत्तर म्हणजे ख्रिस्तपुराण. १६१६ सालीं तें साष्टींतील राशोल येथें छापलें गेलें. पहिल्या पुराणांत ३६ व दुसऱ्यांत ५९ अवस्वर, आणि सर्व मिळून जवळजवळ ११,००० ओव्या, असा त्याचा विस्तार आहे. पहिल्यांत सृष्टीची उत्पत्ति, देवदूतांचें पतन, नंदनवनांतील सर्प येथपासून संदेष्ट्यांपर्यंतच्या कथा. दुसऱ्यांत प्रभु येशूचें चरित्र.

या काव्याचा अंगरखा सर्वस्वीं आपल्या देशाचा आहे. आरंभीं आपल्या कवींच्या रीतीनें नमन आहे. स्वर्गास वैकुंठ म्हटलें आहे. छंद ज्ञानदेव व एकनाथ यांनीं वापरलेला ओवीचाच. ज्यांस मराठी जड जाईल, त्यांच्यासाठीं कोंकणी शब्दही योजिले आहेत. मराठी भाषेची त्यांत जी थोरवी गाइली आहे ती तर सुप्रसिद्धच आहे. फुलांत मोगरा, परिमळांत कस्तुरी, पक्ष्यांत मोर, वृक्षांत कल्पतरु, अशी आपल्या भाषेची योग्यता एका इंग्रजानें सांगावी, ही केवढी नवलाची गोष्ट! त्यांतील कल्पतरु हा तर कोणत्याही रानांत न उगवणारा, केवळ पुराणांत वाढलेला वृक्ष. आणि त्यालाच या ख्रिस्ती कवीनें मानाचें स्थान दिलें.

अशी भूमि त्यांस येथें तयारच मिळाली होती. आपल्या खारेपाटणास सांपडलेला रट्टराजाचा १००८ सालचा ताम्रपट पाहा. त्यांत शिलाहार राजे आपलें कुळ विद्याधर जीमूतवाहनापर्यंत नेतात. एका नागाचा जीव वांचावा म्हणून ज्यानें आपला देह गरुडास अर्पण केला, तो हा जीमूतवाहन. दुसऱ्यासाठीं प्राण देणारा तो थोर, हें ज्या किनाऱ्यानें कथांतून ऐकलें होतें, त्या किनाऱ्यास कालवारीची कथा ओवींत ऐकतांना परकी कां वाटावी?

हें काव्य देशी लिपींत छापावें, अशी फादर स्टीफन्स यांची तळमळ होती. १६०८ सालीं त्यांनीं रोमला संघाच्या मुख्यांस त्याविषयीं लिहिलें. युरोपीय लिपीस दोन डझन अक्षरें पुरत. येथें जोडाक्षरांसह सुमारें ६०० ठसे ओतावे लागले असते. तें जमलें नाहीं, आणि मराठी काव्य रोमन अक्षरांत निघालें.

१६१९ सालीं गोव्यांतच त्यांचें देहावसान झालें. त्यांची कोंकणी ख्रिस्ती शिकवण १६२२ सालीं, व कोंकणीचें व्याकरण १६४० सालीं प्रसिद्ध झालें. पुराणाच्या १६४९ व १६५४ सालीं आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. परंतु १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें देशी भाषांविरुद्ध हुकूम काढला आणि छापील पुराण हळूहळू दुर्मिळ झालें. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. तरी पुराण मेलें नाहीं. भाविकांनीं तें हातानें उतरून घेतलें व गाऊन जिवंत ठेवलें. गोवें सोडून कानडा मुलुखांत गेलेल्या कुटुंबांनीं तें बरोबर नेलें. त्यामुळेंच १९०७ सालीं श्री. सालढाणा यांस मंगळूर येथें तें पुन्हां छापतां आलें. पुढें लंडन येथील मार्सडन संग्रहांत देवनागरी हस्तलिखित सांपडलें, आणि १९५६ सालीं प्रा. शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास देवनागरी आवृत्ति काढली. कवीची इच्छा ३४० वर्षांनीं पुरी झाली.

वाचकहो, राजाज्ञेनें जें बुडत होतें, तें साध्या गृहस्थांच्या व गृहिणींच्या कंठांनीं तारलें. आज आपल्या मुलांस मराठी वाचण्यास कोणताही हुकूम मनाई करीत नाहीं. आपला आळस मात्र करतो. या ज्युबिलीच्या वर्षीं, विशेषतः उपवासकाळांत, प्रत्येक घरीं संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर ख्रिस्तपुराणाच्या थोड्या तरी ओव्या मोठ्यानें वाचल्या जाव्या, एवढीच आमची विनंती. फादर स्टीफन्स यांच्या आत्म्यास प्रभु चिरशांति देवो, आणि त्यांनीं लाविलेला हा कल्पतरु आपल्या अंगणांत सदैव बहरत ठेवो.