आजोबांची पद्मिनी आणि वालचंदशेठ

थर्ड इयरची सबमिशनं उरकून अंबडला घरी गेलो, तर अंगणातल्या पद्मिनीभोवती भंगारवाला अंदाज घेत फिरत होता. आजोबा गेल्यापासून गाडी तिथंच उभी. टायर मातीत रुतलेले, फ्लोअर गंजलेला, मागच्या सीटवर मांजरीचा संसार. जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळया होतात, हे तुम्हाला सांगायला नकोच. म्हणजे आजोबांची गाडी कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाणार! बाबांकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली.

पण करायचं काय? एक मित्र म्हणतो मारुतीचं इंजिन टाक, दुसऱ्याला प्रत्येक स्क्रू ओरिजिनल पाहिजे. या गोंधळात, जिच्या कारखान्यात ही गाडी झाली त्या प्रीमियर कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद यांच्याबद्दल वाचायला घेतलं.

जन्म १८८२, सोलापूर. कॉलेज अर्धवट सुटलं (आपल्यातल्या काहींना धीर यावा!). पुढे लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेची कंत्राटं घेतली. मी मात्र अडकलो १९१९ सालात. महायुद्ध नुकतंच संपलेलं, आणि ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं 'लॉयल्टी' जहाज विकायला निघालेलं. मूळचं ते 'एम्प्रेस ऑफ इंडिया', १८९० मध्ये पाण्यात उतरलेलं, युद्धात जखमी सैनिकांचं हॉस्पिटल झालेलं. असलं जुनं धूड वालचंदांनी नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींबरोबर घेतलं आणि सिंदिया कंपनी उभी केली. जहाजाला नव्यासारखं करण्यात वर्ष घालवलं नाही. हॉस्पिटलचं पुन्हा प्रवासी जहाज केलं, आणि ५ एप्रिल १९१९ ला ते मुंबईहून लंडनला निघालंसुद्धा. आपला राष्ट्रीय सागरी दिन तो हाच.

खरं सांगायचं तर 'लॉयल्टी' टिकली नाही. १९२३ मध्ये मुंबईतच भंगारात गेली. हे वाचून माझा चेहरा उतरला होता. पण सिंदिया टिकली, ब्रिटिश कंपन्यांची दरांची लढाई सोसून टिकली. मग १९४० चा बंगळूरचा विमान कारखाना, १९४१ ची विशाखापट्टणमची गोदी, १९४४ ला प्रीमियर ऑटोमोबाइल्स. १९५३ साली वालचंद गेले. पद्मिनी हे नाव गाडीला त्यानंतर कितीतरी वर्षांनी मिळालं.

आमचा क्रम ठरला. इंजिन तेच, १०८९ सीसीचं. आधी ब्रेक, मग फ्लोअरचं वेल्डिंग. पार्ट मिळाला नाही तर लेथवर करायचा, कारण या गाडीचं उत्पादन कधीच थांबलंय आणि मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीसुद्धा २०२३ मध्ये बंद झाल्या. रंग पैसे उरले तर. बाबांना हे शेवटचं अजून पटलेलं नाही.

प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइल सोडलं. स्टार्टरला हातही लावला नाही, इंजिन हातानंच फिरवून बघत होतो. दोन दिवस ढिम्म. तिसऱ्या दिवशी सकाळी पाव फेरा फिरलं.