मॅक्झिम गॉर्की : पुस्तकांनी घडविलेला कामगार लेखक

मॅक्झिम गॉर्की हे नाव आपल्या वस्तीतील जुन्या कार्यकर्त्यांना नवे नाही. त्यांची ‘आई’ ही कादंबरी कित्येकांनी एकमेकांकडून मागून वाचली आहे. परंतु हा माणूस लेखक कसा झाला, हे आपल्या मुलाबाळांनाही कळले पाहिजे, म्हणून हा लेखनप्रपंच.

गॉर्कींचे खरे नाव अलेक्सेई पेश्कोव्ह. घरी त्याला आल्योशा म्हणत. २८ मार्च १८६८ रोजी रशियातील व्होल्गा नदीकाठच्या निझ्नी नोव्हगोरोद शहरी त्याचा जन्म झाला. बाप सुतारकाम करणारा. १८७१ साली पटकीने बाप गेला आणि आईने पोराला घेऊन माहेर गाठले. आजोबांचा कापड रंगविण्याचा धंदा होता. गिरणीचे रंगखाते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तिथला वास आणि वाफ वेगळी सांगायला नको. आजोबा तरुणपणी खांद्याला दोर लावून नदीतल्या नावा ओढायचे. कष्टाने वर आलेला माणूस, पण हात फार कडक. शनिवारी नातवंडांना छडीने झोडपून काढायचे. तरी अक्षरओळख त्यांनीच करून दिली, धर्माच्या पोथीवरून. आजीला लिहिता-वाचता येत नव्हते, पण गोष्टी आणि गाणी तिला तोंडपाठ. आल्योशाची पहिली शाळा म्हणजे ही आजी.

खऱ्या शाळेत तो थोडेच दिवस गेला. त्या काळात त्याने घरातला एक रुबल उचलला आणि अँडरसनच्या परीकथांचे पुस्तक घेतले. त्यातली बुलबुलाची गोष्ट शाळेतल्या पोरांबरोबर वाचायला घेतली, ती अर्धीच राहिली. घरी आईने मार दिला, पुस्तकही काढून घेतले. पुढे अभ्यासात हुशार म्हणून त्याला बक्षिसाची पुस्तके मिळाली. पण आजी आजारी, घरात पैसा नाही. पोराने ती पुस्तके दुकानात ५५ कोपेकला विकली आणि पैसे आजीच्या हातात दिले. पुस्तकाचा लळा असलेल्या लेकराला स्वतःच्या बक्षिसाचे पुस्तक विकावे लागते, यालाच गरिबी म्हणतात.

१८७९ साली आई क्षयाने गेली. थोड्याच दिवसांत आजोबांनी त्याला पोट भरायला बाहेर काढले. वय वर्षे अकरा. जोड्यांच्या दुकानात पोऱ्या, मग नकाशे काढणाऱ्या एका नातेवाइकाच्या घरी वरकाम, मग व्होल्गेवरच्या ‘दोब्री’ नावाच्या आगबोटीवर भांडी घासणे. या बोटीवर त्याला स्मूरी नावाचा आचारी भेटला. पूर्वी पलटणीत असलेला, आडदांड, रागीट माणूस. पण त्याच्या पेटीत पुस्तके होती. तो पोराला कामावरून उठवायचा आणि मोठ्याने वाचायला बसवायचा. गोगोलची ‘तारास बुल्बा’ वाचताना दोघेही रडले. मोठेपणी गॉर्कींनी या आचाऱ्याला आपला गुरू मानले.

बोटीवरून परत त्या नातेवाइकाकडे यावे लागले. तिथे वाचणे म्हणजे गुन्हा. मेणबत्ती किती जळाली हे मालकीण काडीने मोजून ठेवायची. मग हा पोरगा मेणबत्तीचे थेंब सार्डिन माशाच्या रिकाम्या डब्यात साठवून त्याचा दिवा करायचा. कधी तांब्याचे पातेले चंद्राकडे धरून पानावर उजेड पाडून बघायचा. एकदा वाचण्याच्या नादात चहाच्या समोवारमधले पाणी आटून गेले आणि ते भांडे वितळले. मालकाच्या म्हाताऱ्या आईने जळाऊ लाकडांच्या जुडीने त्याला मारले. पाठ सुजली. डॉक्टरांनी पाठीतून लाकडाची ४२ कुसळे काढली आणि तक्रार कर म्हणून सांगितले. पोराने तक्रार केली नाही. घरचे खूश झाले. तेवढ्यात त्याने मागून काय घेतले? शेजारच्या शिंप्याच्या बायकोकडून पुस्तके आणून वाचायची परवानगी!

सुरुवातीला त्याच्या हाती आली ती बाजारी फ्रेंच कादंबऱ्यांची बाडे. त्यांत चांगला तो सगळाच चांगला, वाईट तो सगळाच वाईट. मग बाल्झॅकची ‘युजेनी ग्रांदे’ मिळाली. त्यातला चिक्कू म्हातारा त्याला हुबेहूब आपल्या आजोबांसारखा वाटला. आपल्या घरात, आपल्या गल्लीत दिसणारा माणूससुद्धा पुस्तकात बसू शकतो, हे त्याला तिथे दिसले. पुढे फ्लोबेरची एका साध्या मोलकरणीची गोष्ट त्याने कोठाराच्या छपरावर बसून वाचली. साध्या शब्दांनी काळीज कसे हलते, कागदात काही जादू आहे की काय, म्हणून त्याने पाने उजेडासमोर धरून पाहिली. माझ्या मते लेखक गॉर्कीचा जन्म त्या छपरावर झाला. कारण गोष्टीत काय आहे एवढ्यावर न थांबता, ती केली कशी, हे तो शोधू लागला.

देवांची चित्रे रंगविणाऱ्या कारखान्यात तो कामगारांना रात्री पुस्तके वाचून दाखवायचा. १८८४ साली विद्यापीठात शिकायच्या आशेने तो कझानला गेला, पण नशिबी आली पावाची भट्टी. त्यानंतर शेकडो मैल पायी भटकंती. शेवटी १२ सप्टेंबर १८९२ रोजी, जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे, तिफ्लिसच्या ‘काव्काझ’ वर्तमानपत्रात ‘मकार चुद्रा’ ही पहिली कथा आली. खाली नाव होते गॉर्की, म्हणजे कडू. भट्टीतले कामगार १८९९ च्या ‘सव्वीस पुरुष आणि एक मुलगी’ या कथेत आले. ‘आई’ १९०६-०७ मधली. आणि वर सांगितलेले बालपण त्यांनी आत्मचरित्राच्या पहिल्या दोन भागांत लिहून ठेवले.

१८ जून १९३६ रोजी ते वारले. शेवटच्या काळात स्टालिनच्या राजवटीतील सक्तमजुरीच्या छावण्यांची त्यांनी भलावण केली. हा त्यांच्या चरित्रावरचा डाग आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही.

आपल्याकडे अण्णाभाऊ साठे यांना महाराष्ट्राचे गॉर्की म्हणतात. तेही मुंबईत गिरणीत राबले, शाळेवाचून शिकले, १९६१ साली रशिया पाहून आले. ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली.

तेव्हा आयाबहिणींनो, बंधूंनो, पोरगं पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसलं तर बत्तीच्या बिलासाठी त्याला उठवू नका. ते लेखक होईल न होईल. पण आपल्या माणसांची गोष्ट लिहिण्याजोगी आहे, हे त्याला कळू द्या. आणि विहारातल्या पुस्तकांच्या कपाटाला कुलूप नको, एवढीच विनंती.