सेल्फवाला केटरिंग

बॅटरी इग्निशनची आकृती आपण सगळेच काढतो. बॅटरी, कॉइल, कॉन्टॅक्ट ब्रेकर, डिस्ट्रिब्यूटर, प्लग. परीक्षेला हमखास येते म्हणून पाठ असते. ती ज्याच्या डोक्यातून आली त्या चार्ल्स केटरिंगचं नाव मात्र विचारलं तर अर्धा वर्ग गप्प बसतो. मी इलेक्ट्रिकलचा, त्यामुळे मेकॅनिकलवाल्यांना चिडवायला मला हा माणूस फार सोयीचा वाटतो. गाडीत वीज घुसवली ती आमच्या ब्रँचच्या माणसाने!

जन्म १८७६, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, शेतकऱ्याच्या घरी. डोळे इतके अधू की कॉलेज मध्येच सोडावं लागलं. मग पठ्ठ्या टेलिफोनच्या खांबांचे खड्डे खणणाऱ्या टोळीत शिरला आणि तिचा मुकादम झाला. परत कॉलेजला जाऊन १९०४ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी डिग्री घेतली. इयर डाऊन लागलेल्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

पहिली नोकरी डेटन गावी, नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानातल्या गल्ल्याच्या मशीनला हँडल फिरवावं लागे, तिथे त्याने मोटर बसवली. मुद्दा असा की ती मोटर सतत चालायची नव्हती, क्षणभर जोर मारून थांबायची होती. म्हणून छोटीच मोटर ओव्हरलोडवर चालवली तरी ती जळायच्या आत काम झालेलं असायचं. ही गोष्ट त्याने डोक्यात ठेवली.

त्या काळी मोटारगाडीही हँडल मारूनच सुरू व्हायची. इंजिनाने उलटा झटका दिला की हात मोडायचा. कार्टर नावाचा मोटार बनवणारा उद्योजक अशाच हँडलच्या फटक्याने जखमी होऊन पुढे १९०८ साली दगावला, असं सांगतात. तो कॅडिलॅकचे प्रमुख लेलंड यांचा मित्र. लेलंडनी हे हँडल घालवायचंच ठरवलं आणि काम आलं केटरिंगकडे. १९०९ साली त्याने एडवर्ड डीड्सबरोबर डेल्को काढली होती. सुरुवातीचं वर्कशॉप म्हणजे डीड्सच्या घरामागचा गोठा. इंजिन फिरवायला इंजिनाएवढी मोटर लागेल, असं तज्ज्ञांचं गणित होतं. केटरिंगला गल्ला आठवला. एकच यंत्र आधी मोटर म्हणून इंजिन फिरवील आणि इंजिन चालू झालं की जनरेटर बनून बॅटरी भरील, अशी जोडणी त्याने केली. १९१२ च्या कॅडिलॅकवर ते आलं, सोबत विजेचे दिवे आणि इग्निशनही. गाडीची आजची वायरिंग ही त्याचीच वाढलेली पोरंबाळं.

पण मला खरा इंटरेस्ट आहे तो त्याच्या फसलेल्या गाडीत. रेडिएटर, पाणी, पंप सगळं काढून टाकायचं, सिलिंडरला तांब्याचे फिन लावायचे आणि पंख्याने हवा खेचायची. तांबं उष्णता ओढून नेतं, म्हणजे कागदावर सगळं चोख. १९२३ ची ही कॉपर-कूल्ड शेव्हरोले रस्त्यावर तापली की दम सोडायची. ७५९ गाड्या बनल्या, ग्राहकांपर्यंत शंभरेक गेल्या, त्याही परत मागवल्या. केटरिंग इतका खचला की जनरल मोटर्स सोडायला निघाला होता. स्लोन यांनी त्याला थांबवलं.

आज पाणीही आहे आणि पंखाही, फक्त पंखा मोटरवर फिरतो. इंजिन तापतंय आणि फॅन गप्प, असं झालं की लोक आधी फॅनच बदलायला सांगतात. साध्या दोन वायरींच्या फॅनला प्लग काढून थेट बॅटरीचा सप्लाय द्या (बोटं पात्यांपासून लांब). फिरला तर मोटर ठीक, मग फ्यूज, रिले, टेंपरेचर सेन्सर आणि अर्थ बघायचा. गंजलेला अर्थ तर फार फसवतो, कारण लोड नसताना मीटर बारा व्होल्ट दाखवतो आणि लोड पडला की सगळे व्होल्ट त्या गंजातच खर्च होतात. म्हणून मोजमाप लोडवरच घ्यावं.

केटरिंगचीही पद्धत अशीच, एकेक संशयित बाजूला काढायची. इंजिनातल्या नॉकिंगचा आळ त्याच्या बॅटरी इग्निशनवर आला तेव्हा त्याने मिजलीला कामाला लावलं आणि दोष इंधनाच्या जळण्यात आहे हे दाखवून दिलं. इथपर्यंत मी त्याचा फॅन. उपाय म्हणून १९२१ मध्ये सापडलं टेट्राएथिल लेड, म्हणजे पेट्रोलमध्ये शिसं. शिसं विषारी हे तेव्हाही माहीत होतं. १९२४ साली न्यू जर्सीतल्या कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. केटरिंग तेव्हा ते विकणाऱ्या एथिल कंपनीचा अध्यक्ष होता, आणि विक्री थोडा काळ थांबून पुन्हा सुरू झाली. इंजिनातला दोष इतक्या चिकाटीने शोधणाऱ्याने धुराड्यातून बाहेर काय पडतं तिकडे पाहिलं नाही, हे मला माफ करता येत नाही. आमचे सर म्हणतात, त्या काळाच्या मापाने बघ. मापं त्या काळीही होती, सर.

१९४५ मध्ये स्लोन आणि त्याच्या नावाने न्यूयॉर्कला कॅन्सर संशोधन संस्था उभी राहिली. १९५८ साली तो डेटनला वारला. भारतात शिसंवालं पेट्रोल बंद झालं २००० साली. जगातल्या गाड्यांसाठी ते शेवटचं विकलं गेलं अल्जीरियात, २०२१ मध्ये.