मजूरमंत्री बाबासाहेब आणि लपवलेले अपघात

बाबासाहेबांचे नाव निघाले की राज्यघटना आठवते, महाडचे तळे आठवते. मजूरमंत्री बाबासाहेब मात्र आपल्याच लोकांना फारसे आठवत नाहीत. म्हणून आज आम्ही त्या कार्याची उजळणी करीत आहोत.

बाबासाहेबांना कामगार पुस्तकात भेटला नाही. परळच्या बीआयटी चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजारात त्यांचे अनेक वर्षे बिऱ्हाड होते. अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नाहीत, हा अन्याय त्यांनी १९२८ च्या संपाच्या वेळी चव्हाट्यावर आणला. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत संप घडवून आणला.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत ते स्वतः उतरले. पुढच्याच महिन्यात खाण मजुरांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आला. त्यांच्याच कारकिर्दीत कामगार राज्य विम्याचा पाया घातला गेला. कायदा १९४८ मध्ये झाला.

त्याच वर्षीच्या कारखाना कायद्याच्या कलम ८८ ने व्यवस्थापकावर बंधन घातले. अपघातात कामगार मेला, किंवा जखमी होऊन ४८ तास कामावर येऊ शकला नाही, तर सरकारला खबर द्यायची. १९५२ च्या खाण कायद्याने तर ती नोटीस कामगार संघटनेला पाहता येईल अशा फलकावर १४ दिवस लावायला सांगितले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्यांची जागा २०२० च्या संहितेने घेतली. अपघाताची खबर देण्याचे बंधन तिच्यातही आहे.

पण गटारात गुदमरून मरणाऱ्या आपल्या भावाची खबर कोण देतो? ठेकेदार हात झटकतो, पालिका ठेकेदाराकडे बोट दाखवते. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई २०१४ मध्ये १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख ठरवली. मात्र मृत्यू कामावरचा म्हणून कागदावर आलाच नाही, तर विधवेने मागायचे कशाच्या आधारावर?

आमची मागणी साधी आहे. गटारातल्या प्रत्येक मृत्यूची नोटीस, ठेकेदाराच्या नावासह, वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लागली पाहिजे. खाणीत उतरलेल्या बाबासाहेबांना हेच खरे अभिवादन ठरेल. जय भीम!