विश्लेषण : गड-डोंगर पायी पालथे घालणाऱ्या गोनीदांची वाट नंदुरबारशी कशी जोडली जाते?

१ जुलै हा नंदुरबार जिल्ह्याचा स्थापना दिन, तर ८ जुलै ही कादंबरीकार गो. नी. दांडेकर यांची जयंती. दांडेकर १ जून १९९८ रोजी पुण्यात गेले. बरोबर महिनाभराने धुळ्यापासून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला. तारखांचा हा निव्वळ योगायोग. खरा धागा नर्मदेचा आहे. ज्या नदीच्या काठाने दांडेकरांना त्यांची एक गाजलेली कादंबरी दिली, तीच या जिल्ह्याची उत्तर सीमा आहे.

तेराव्या वर्षी घर सोडले

गोपाल नीलकंठ दांडेकर यांचा जन्म १९१६ मध्ये विदर्भातल्या परतवाड्याचा. स्वातंत्र्य चळवळीच्या ओढीने ते तेराव्या वर्षाच्या सुमारास घरातून निघाले. शाळा सातवीपर्यंतच झाली. पुढची अनेक वर्षे त्यांचा पायच जमिनीला टिकला नाही. गाडगे महाराजांच्या सहवासात राहिले, आळंदीत ज्ञानेश्वरी अभ्यासली, औंधला पंडित सातवळेकरांच्या हाताखाली मासिकांचे काम केले, संघाचे प्रचारकही होते. १९४७ नंतर मात्र लेखणीवर जगायचे ठरवून ते तळेगाव दाभाडे येथे स्थिरावले.

याच भटकंतीत नर्मदाकाठ त्यांच्या पायाखालून गेला. ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी त्या अनुभवावर उभी आहे.

परिक्रमा म्हणजे नेमके काय?

नर्मदा सुमारे १,३१२ किलोमीटर लांब. नदी कायम उजव्या हाताला ठेवून, ती कुठेही न ओलांडता दोन्ही काठ चालायचे. वाटेत मागून खायचे आणि चातुर्मासात एका जागी थांबायचे. जुन्या प्रथेप्रमाणे याला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात. हातात नकाशा नाही, खिशात पैसे नाहीत. आज मोबाइलवर रोजची पावले मोजणाऱ्या पिढीला हा हिशेब पचायला जड आहे.

या वाटेवरचा सर्वांत धास्तीचा टप्पा शूलपाणीच्या झाडीचा. नंदुरबारच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांचा नर्मदाकाठ याच पट्ट्यात येतो. या झाडीत परिक्रमावासीयांजवळचे सगळे काढून घेतले जाते, अशी ख्याती होती. अंगावरच्या लंगोटीनिशी बाहेर पडणे हा जणू परिक्रमेचाच भाग मानला जाई. अश्वत्थामा याच रानात फिरतो, ही श्रद्धाही जुनी. सातपुड्यातल्या १,३२५ मीटर उंच अस्तंभ्याची दिवाळीतली यात्रा त्याच अश्वत्थाम्याची. हजारो माणसे रात्रीच्या अंधारात तो डोंगर चढतात. त्यांना कुणी गिर्यारोहक म्हणत नाही, ही गोष्ट वेगळी!

गड चढणाऱ्यांचे कुटुंब

‘ट्रेकिंग’ हा शब्द मराठी घरांत रुळण्याच्या कितीतरी आधी गोनीदा सह्याद्रीतले गड चढत होते. राजगड, रायगड, राजमाची, तोरणा येथे ते पुन:पुन्हा गेले. कॅमेरा सोबत असे. त्यांनी टिपलेली दुर्गचित्रे पुढे पुस्तकरूपाने आली. त्यांचे वेगळेपण असे की ते एकटे जात नसत. ओळखीची तरुण मुले, मित्र, घरची माणसे असा गोतावळा बरोबर असे. या मंडळींसाठी ते ‘अप्पा’ होते. ‘दुर्गभ्रमणगाथा’ आणि ‘दुर्गदर्शन’ वाचून पाठीवर सॅक अडकवणाऱ्यांची तर गणतीच नाही.

दगड-तटबंदी पाहताना त्यांचे लक्ष गडाखालच्या माणसांवर असे. आज किल्ल्यांचे रील भरभरून दिसतात, त्यात नेमका हाच भाग बहुधा गळतो. ‘माचीवरला बुधा’चा नायक मुंबई सोडून राजमाचीवर परत येणारा म्हातारा आहे. ‘पवनाकाठचा धोंडी’ गडाची राखण घराण्याचा मान समजणारा. ‘जैत रे जैत’ तर ठाकर आदिवासींची कथा. डोंगराच्या कड्यावरची मधमाश्यांची पोळी आणि त्यांना भिडणारा नाग्या हे त्यातले नाट्य. जब्बार पटेल यांनी १९७७ मध्ये त्यावर चित्रपट केला, तेव्हा ही कथा न वाचणाऱ्यांपर्यंतही पोहोचली.

‘स्मरणगाथा’ला १९७६ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८१ च्या अकोल्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाचा हा प्रवास. त्यांच्या माघारी घरच्यांनी त्यांच्या कादंबऱ्यांचे अभिवाचन गावोगावी केले. त्यांच्या नावाने दुर्गप्रेमींचे मंडळ उभे राहिले. दुर्ग साहित्य संमेलने भरू लागली.

ती वाट आज कुठे आहे?

सह्याद्रीतले गड जागेवर आहेत. नर्मदाकाठाचे तसे नाही. सरदार सरोवर धरणाची उंची १३८.६८ मीटर झाली आणि नंदुरबारमधील ३३ गावे बाधित झाली. मणिबेली हे त्यातले सुरुवातीचे गाव. तिथले शूलपाणेश्वराचे जुने मंदिर पाण्याखाली गेले. नवे मंदिर गुजरातमध्ये राजपीपल्याजवळ गोरा येथे बांधण्यात आले. काठाकाठाने जाणाऱ्या जुन्या पायवाटेचा मोठा तुकडा जलाशयाने गिळला. काठावरच्या पाड्यांतली माणसे कुठे वर डोंगरात सरकली, तर कुठे तळोदा-शहादा भागातल्या पुनर्वसन वसाहतींत गेली.

देवळाला नवी जागा मिळाली, पायवाटेला मिळाली नाही. ती कशी होती हे जाणून घ्यायचे तर जुन्या परिक्रमावासीयांच्या आठवणी आणि ‘भ्रमणगाथे’सारखी पुस्तके एवढाच आधार उरतो.

परिक्रमा थांबलेली नाही. पावसाळा सरला की पांढऱ्या कपड्यांतले, हातात दंड-कमंडलू घेतलेले परिक्रमावासी जिल्ह्यात दिसू लागतात. त्यांच्यातले बरेच जण आता नदीपासून लांब, शहादा-प्रकाशा मार्गे पुढे गुजरातकडे जातात. प्रकाशाला त्यांचा मुक्काम पडतो, तो तापीच्या काठी.